आयट्यून्स वारंवार बंद पडते तेव्हा: विंडोजवरील गाण्यांच्या संग्रहाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲपलच्या आयट्यून्स या गाणी साठवण्याच्या आणि वाजवण्याच्या प्रोग्रामची विंडोजवरील आवृत्ती ऑक्टोबर २००३ मध्ये आली. पुढे २०१९ मध्ये मॅकवर त्याचे म्युझिक, टीव्ही आणि पॉडकास्ट असे तीन स्वतंत्र भाग झाले, पण विंडोजवर मूळ आयट्यून्स आजही अनेकांच्या संगणकावर आहे. सीडीवरून उतरवलेली नाट्यगीते, कॅसेटवरून ध्वनिमुद्रित केलेली कीर्तने, हाताने केलेल्या प्लेलिस्ट आणि वर्षानुवर्षे दिलेले तारे हे सारे त्यात असल्यामुळे तो प्रोग्राम उघडताच बंद पडू लागला की माणूस धास्तावतो आणि दिसेल तो उपाय करू लागतो. खालील उत्तरे प्रामुख्याने विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मॅकविषयी शेवटी थोडे लिहिले आहे.

आयट्यून्स बंद पडले म्हणजे माझी गाणी गेली का?

बहुतेक वेळा नाही. गाणी आणि गाण्यांची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणी म्हणजे ‘आयट्यून्स मीडिया’ या फोल्डरमधील एमपी३ किंवा एम४ए फाइली. नोंद मात्र ‘आयट्यून्स लायब्ररी’ नावाच्या, डॉट आयटीएल असे शेपूट असलेल्या एकाच फाइलमध्ये राहते. कोणते गाणे कुठे ठेवले आहे, ते किती वेळा वाजले, त्याला किती तारे दिले, ते कोणत्या प्लेलिस्टमध्ये आहे, हे सारे त्या फाइलमध्ये असते. ग्रंथालयाची दाखल-नोंदवही फाटली तरी कपाटातील पुस्तके जागेवरच राहतात, तसेच हे आहे. हे दोन्ही सहसा सी ड्राइव्हमधील यूजर्स, त्यात तुमच्या नावाचे फोल्डर, त्यात म्युझिक आणि त्यात आयट्यून्स या ठिकाणी असतात. आयट्यून्स न उघडताही तेथे जाऊन गाणी जागेवर आहेत की नाहीत ते पाहता येते, आणि एखादे गाणे दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजवूनही पाहता येते.

मग सर्वांत आधी काय करावे?

आयट्यून्सचे ते संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर जसेच्या तसे कॉपी करावे, आणि तेही आयट्यून्स पूर्णपणे बंद असताना. खिडकी दिसत नसली तरी प्रोग्राम मागे चालू राहिलेला असू शकतो, म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि आयट्यून्सचे नाव दिसल्यास ‘एंड टास्क’ करावे. संपूर्ण संग्रह मोठा असल्यामुळे जागा कमी पडत असेल, तर निदान डॉट आयटीएल फाइल, तिच्या शेजारच्या डॉट आयटीडीबी फाइली, डॉट एक्सएमएल फाइल असल्यास ती, आणि ‘प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज’ हे फोल्डर तरी बाजूला ठेवावे. पुढील जवळजवळ प्रत्येक उपायात या फाइलींना हात लागतो. प्रत नसताना त्यात शिरू नये.

सगळे जण प्रोग्राम काढून पुन्हा टाकायला सांगतात. तो उपाय आधी का करू नये?

कारण तो फक्त एका शक्यतेवरचा उपाय आहे. बंद पडण्यामागे दोष प्रोग्राममध्ये असतो, नोंदीच्या फाइलमध्ये असतो, एखाद्या बिघडलेल्या गाण्यात असतो किंवा बाहेरून घुसलेल्या एखाद्या प्लगइनमध्ये (आयट्यून्सला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये) वा ड्रायव्हरमध्ये (संगणकाचा एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) असतो. आयट्यून्स काढून टाकल्याने म्युझिक फोल्डरमधील नोंदीची फाइल जात नाही. हे चांगलेच आहे, पण त्याचा दुसरा अर्थ असा की दोष त्या फाइलमध्येच असेल तर नवा कोरा प्रोग्राम तीच बिघडलेली फाइल उघडतो आणि पूर्वीसारखाच कोसळतो. दुपारभर बसून चार-पाच घटक काढायचे, संगणक पुन्हा सुरू करायचा, सारे पुन्हा उतरवायचे आणि शेवटी तेथेच परत यायचे, असा हा प्रकार होतो. आधी दोषाची जागा शोधावी. त्याला काही मिनिटे पुरतात.

दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे?

शिफ्ट कळ दाबून धरावी आणि ती न सोडता आयट्यून्स उघडावे. लायब्ररी निवडण्यासाठी एक छोटी चौकट येते. तेथे ‘क्रिएट लायब्ररी’ निवडून डेस्कटॉपवर किंवा अन्यत्र ‘चाचणी’ अशा नावाची नवी, रिकामी लायब्ररी करावी. यामुळे जुनी लायब्ररी पुसली जात नाही. प्रोग्राम तेवढ्यापुरता दुसरी नोंदवही उघडतो, आणि पुन्हा शिफ्ट धरून ‘चूज लायब्ररी’ केले की जुनी परत मिळते.

रिकामी लायब्ररी सुरळीत उघडली, तिच्यात ओळखीची दोन-चार गाणी टाकून ती वाजलीही, तर प्रोग्राम ठीक आहे आणि दोष जुन्या नोंदीत किंवा संग्रहातील एखाद्या फाइलमध्ये आहे असे समजावे. रिकामी लायब्ररी असतानाही आयट्यून्स कोसळले, तर मात्र प्रोग्राम, त्याची सेटिंग्ज, प्लगइन किंवा विंडोज यांच्याकडे वळावे. त्यातही एक पायरी पुढे जाता येते. विंडोजमध्ये तात्पुरते दुसरे यूजर खाते तयार करून तेथून आयट्यून्स उघडावे. तेथे ते नीट चालले तर दोष फक्त तुमच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये आहे, आणि तेथेही कोसळले तर तो संपूर्ण संगणकाशी निगडित आहे. या दोन चाचण्या झाल्याशिवाय पुढचा कोणताही उपाय करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

सेफ मोड म्हणजे काय आणि तो कसा वापरावा?

कंट्रोल आणि शिफ्ट या दोन्ही कळा एकत्र दाबून धरून आयट्यून्स उघडल्यास ते सेफ मोडमध्ये सुरू होते आणि तशी सूचना देते. या अवस्थेत बाहेरच्या कंपन्यांचे प्लगइन, विशेषतः गाण्याबरोबर पडद्यावर रंग नाचवणारे व्हिज्युअलायझर, बाजूला ठेवले जातात. सेफ मोडमध्ये प्रोग्राम टिकत असेल तर तो बंद करावा आणि ‘आयट्यून्स प्लग-इन्स’ या फोल्डरमधील फाइली बाहेर हलवाव्यात. असे फोल्डर प्रोग्रामच्या जागी असते, तसेच ॲपडेटामधील रोमिंग, ॲपल कॉम्प्युटर, आयट्यून्स या ठिकाणीही असू शकते. मग फाइली एकेक करून परत ठेवाव्यात. प्लगइन नाहीत आणि तरीही गाणे पूर्ण पडद्यावर दाखवताना किंवा व्हिज्युअलायझर लावताना प्रोग्राम कोसळतो, असे असेल तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर संगणकाच्या किंवा कार्डाच्या उत्पादकाकडून नवा घ्यावा.

रिकामी लायब्ररी चालते, पण जुनी उघडताच सर्व बंद होते. जुनी नोंद परत कशी मिळवावी?

आयट्यून्स नव्या आवृत्तीला जाताना नोंदीच्या फाइलची बांधणी बदलली, तर जुन्या फाइलची एक प्रत ‘प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज’ या फोल्डरमध्ये ठेवली जाते आणि तिच्या नावात त्या दिवसाची तारीख असते. आयट्यून्स बंद करून सध्याची डॉट आयटीएल फाइल डेस्कटॉपवर हलवावी. ती पुसू नये. मग त्या फोल्डरमधील सर्वांत अलीकडची प्रत आयट्यून्स फोल्डरमध्ये कॉपी करावी, तिच्या नावातील तारीख काढून मूळ नाव द्यावे आणि प्रोग्राम उघडावा. त्या तारखेनंतर जोडलेली गाणी त्यात दिसणार नाहीत, पण त्यांच्या फाइली डिस्कवर असतात. ‘ॲड फोल्डर टू लायब्ररी’ने संपूर्ण मीडिया फोल्डर पुन्हा दाखवला की नसलेली गाणी आत येतात आणि आधीपासून नोंदलेल्या गाण्यांच्या दुहेरी नोंदी सहसा होत नाहीत.

ही प्रत केवळ आवृत्ती बदलतानाच होत असल्यामुळे ती कधीकधी फार जुनी निघते. रोजच्या बॅकअपची जागा ती घेऊ शकत नाही, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

जुनी प्रतच नाही. आता काय?

अशा वेळी डॉट एक्सएमएल फाइल कामाला येते. जुन्या आवृत्त्या ती आपोआप लिहीत असत. नंतरच्या आवृत्त्यांत एडिट, प्रेफरन्सेस, ॲडव्हान्स्ड येथे जाऊन ‘शेअर आयट्यून्स लायब्ररी एक्सएमएल विथ अदर ॲप्लिकेशन्स’ या पर्यायावर खूण केली असेल तरच ती तयार होते. फाइल असल्यास आधी ती डेस्कटॉपवर कॉपी करावी, कारण नवी लायब्ररी उघडताच मूळ फाइलवर रिकामी फाइल लिहिली जाण्याचा धोका असतो. त्यानंतर बिघडलेली डॉट आयटीएल बाजूला सारून आयट्यून्स उघडावे आणि फाइल, लायब्ररी, ‘इम्पोर्ट प्लेलिस्ट’ या मार्गाने डेस्कटॉपवरील एक्सएमएल निवडावी. गाणी आणि प्लेलिस्ट परत येतात. गाणे संग्रहात कधी जोडले ती मूळ तारीख मात्र येत नाही आणि इतर तपशिलांतही काही गळती होऊ शकते. ज्यांच्या स्मार्ट प्लेलिस्ट ‘अलीकडे जोडलेली गाणी’ या अटीवर उभ्या आहेत, त्यांना हे विशेष जाणवेल.

एक्सएमएलही नसेल, तर मीडिया फोल्डर पुन्हा जोडणे एवढेच हाती उरते. गाण्याचे नाव, गायक, अल्बम ही माहिती गाण्याच्या फाइलमध्येच असल्यामुळे बहुतांशी परत येते. प्लेलिस्ट आणि तारे येत नाहीत.

‘ही लायब्ररी नव्या आवृत्तीने तयार केली आहे’ असा संदेश येतो. तो कशामुळे?

नव्या आयट्यून्सने लिहिलेली नोंद जुन्या आयट्यून्सला वाचता येत नाही. अडचणीमुळे मुद्दाम जुनी आवृत्ती टाकली, किंवा दुसऱ्या संगणकावरील लायब्ररी आणली, की हा संदेश दिसतो. फाइल खराब झालेली नसते. आवृत्ती वाढवावी, नाहीतर वर सांगितल्याप्रमाणे जुनी प्रत वापरावी.

ठरावीक फोल्डर जोडताना किंवा ठरावीक गाण्यापाशीच प्रोग्राम बंद पडतो. ते गाणे शोधायचे कसे?

फोल्डरमधील फाइलींचे दोन भाग करावेत आणि चाचणीच्या लायब्ररीत आधी एक भाग जोडून पाहावा. तो निर्विघ्न जोडला गेला तर दोष दुसऱ्या भागात आहे. मग त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. दोन हजार गाण्यांतील एक सदोष फाइल या रीतीने जास्तीत जास्त ११ फेऱ्यांत सापडते, तर एकेक गाणे तपासायला आठवडा लागेल. सदोष फाइली एकाहून अधिक असतील तर दोन्ही अर्ध्या भागांत अडचण येते. तेव्हा प्रत्येक भागावर तीच रीत चालवावी.

सापडलेली फाइल व्हीएलसीसारख्या दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजवून पाहावी. ती तेथे नीट वाजत असेल तर ध्वनी शाबूत आहे आणि गडबड बहुधा तिच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या नाव-गायक अशा माहितीत, किंवा आत चिकटवलेल्या मुखपृष्ठाच्या चित्रात आहे. टॅग संपादित करणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने तिचे सर्व टॅग आणि चित्र काढून टाकावे, माहिती नव्याने भरावी आणि मग ती जोडावी. दुसऱ्या प्लेअरमध्येही ती अडखळत असेल, तर डाउनलोड अर्धवट झालेले असते किंवा डिस्कचा तो भाग खराब झालेला असतो. मूळ सीडी घरात असल्यास ती पुन्हा उतरवणे हाच सरळ मार्ग आहे.

माझ्या जुन्या मराठी गाण्यांची नावे विचित्र अक्षरांत दिसतात. त्यामुळे प्रोग्राम बंद पडत असेल का?

फक्त विचित्र अक्षरांमुळे नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेकांनी मराठी नावे जुन्या फाँटच्या साहाय्याने लिहून ठेवली. तो फाँट नसला की त्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. हे दिसायला वाईट असले तरी आयट्यून्सच्या दृष्टीने ती साधी अक्षरेच आहेत. नावे युनिकोडमध्ये पुन्हा लिहावी लागतील, पण त्याचा या बिघाडाशी संबंध जोडू नये.

देवनागरी नावांची लांबी मात्र खरी अडचण करू शकते. विंडोजमध्ये पारंपरिकपणे ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा संपूर्ण मार्ग सुमारे २६० चिन्हांत बसावा लागतो, आणि देवनागरीत काना, वेलांटी, हलंत अशी प्रत्येक गोष्ट स्वतंत्र मोजली जाते. ‘ज्ञानेश्वरी’ हा चार अक्षरांचा शब्द तेथे ११ चिन्हे घेतो. गायक, अल्बम आणि अभंगाची पूर्ण पहिली ओळ अशी फोल्डरांची उतरंड असेल तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि फाइल हलवताना किंवा बॅकअप घेताना चुका होऊ लागतात. फोल्डरांची नावे थोडी आखूड ठेवलेली बरी.

संग्रह बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा वनड्राइव्हमध्ये आहे. त्याने फरक पडतो का?

पुष्कळ पडतो. बाहेरची डिस्क जोडण्यापूर्वी आयट्यून्स उघडले, किंवा विंडोजने डिस्कला या वेळी वेगळे ड्राइव्ह-अक्षर दिले, तर गाण्यांपुढे उद्गारचिन्ह दिसू लागते. डिस्क व्यवस्थापनात जाऊन तिला कायमचे एकच अक्षर द्यावे. गाणी वाजत असताना केबल सुटली तर प्रोग्राम अडकून पडणे स्वाभाविक आहे. नोंदीची फाइलही त्याच डिस्कवर असेल तर ती अर्धवट लिहिली जाण्याचा धोका राहतो, म्हणून गाणी बाहेर ठेवावीत आणि नोंद संगणकाच्या आतील डिस्कवर राहू द्यावी, असे माझे मत आहे.

वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांसारख्या सेवांच्या फोल्डरमध्ये चालू लायब्ररी ठेवूच नये. आयट्यून्स ती फाइल पुन्हापुन्हा लिहीत असते आणि त्याच वेळी ती सेवा तिला वर चढवू पाहते. शिवाय जागा वाचवण्यासाठी काही गाणी केवळ ऑनलाइन ठेवलेली असतात, त्यामुळे ती वाजवताना प्रोग्राम डाउनलोडची वाट पाहत बसतो. तीच लायब्ररी दोन संगणकांवर एकाच वेळी उघडली गेली तर परस्परविरोधी दोन प्रती तयार होतात, आणि त्यांतील कोणती खरी हे मग कोणालाच सांगता येत नाही.

इंटरनेट बंद असताना आयट्यून्स चालते, जोडताच कोसळते. असे का?

तसे घडत असेल तर दोष स्टोअरचे पान, खात्याचे साइन-इन किंवा लायब्ररी ताळमेळात ठेवणारी सेवा यांच्या आसपास आहे. ऑफलाइन असताना उघडून प्रेफरन्सेसमधून लायब्ररी सिंक बंद करावे, खात्यातून साइन-आउट करावे आणि मग इंटरनेट जोडावे. संगणकाची तारीख आणि वेळ बरोबर आहे का तेही पाहावे, कारण ती चुकली तर सुरक्षित जोडणीच होत नाही. अँटिव्हायरस किंवा फायरवॉल आड येत असल्याची शंका असल्यास ते पूर्ण बंद करून ठेवण्याऐवजी आयट्यून्सला परवानगी द्यावी. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल तर म्युझिक फोल्डरही त्याच्या संरक्षणाखाली येतो, त्यामुळे तेथील परवानग्याही तपासाव्यात.

फोन जोडला की लगेच बंद पडते.

केबल आणि यूएसबी पोर्ट बदलून पाहावे. त्यानंतर विंडोजच्या सर्व्हिसेस यादीतील ‘ॲपल मोबाइल डिव्हाइस सर्व्हिस’ थांबवून पुन्हा सुरू करावी. फोन जोडताच आपोआप होणारे सिंक तात्पुरते बंद केले की बिघाड जोडणीत आहे की सिंक होणाऱ्या एखाद्या गाण्यात, हे कळते.

इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंद वाचून काही समजते का?

थोडेफार समजते. इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे संगणकात घडलेल्या घटनांची विंडोजने ठेवलेली नोंद दाखवणारा प्रोग्राम. त्यात विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन येथे जाऊन बंद पडल्याच्या वेळेची लाल खुणेची नोंद पाहावी. इव्हेंट आयडी १००० म्हणजे प्रोग्राम कोसळला आणि १००२ म्हणजे तो अडकला. त्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून ज्या फाइलचे नाव येते ते महत्त्वाचे असते. ते नाव ग्राफिक्स ड्रायव्हरचे, साउंड ड्रायव्हरचे किंवा एखाद्या प्लगइनचे असेल तर दिशा मिळाली. ते एनटीडीएलएल असेल तर मात्र फारसा अर्थ काढू नये. ती विंडोजची स्वतःची फाइल आहे आणि दुसऱ्याने केलेला गोंधळ अनेकदा तिच्या नावावर नोंदला जातो. सी००००००५ हा संकेतही मेमरीच्या नको त्या जागी हात घातल्याचे सांगतो, कोणी घातला ते सांगत नाही.

पुन्हा इन्स्टॉल करण्याची योग्य रीत कोणती?

सर्व चाचण्या प्रोग्रामकडेच बोट दाखवत असतील तरच हे करावे. ॲपलच्या संकेतस्थळावरून घेतलेली आवृत्ती असेल तर आयट्यून्स, ॲपल सॉफ्टवेअर अपडेट, ॲपल मोबाइल डिव्हाइस सपोर्ट, बाँजूर, ॲपल ॲप्लिकेशन सपोर्ट ३२-बिट आणि मग ६४-बिट, या क्रमाने घटक काढावेत आणि संगणक पुन्हा सुरू करावा. यादीतील प्रत्येक घटक सर्वांकडे असेलच असे नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील आवृत्ती २०१८ पासून मिळते. तिच्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘रिपेअर’ आणि ‘रिसेट’ हे पर्याय आहेत, त्यांतील ‘रिपेअर’ आधी वापरून पाहावा. एका वेळी एकच आवृत्ती ठेवावी.

याच वेळी संगणकात जुने क्विकटाइम (ॲपलचा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम) आढळल्यास ते काढून टाकावे. आयट्यून्सला १०.५ या आवृत्तीपासून त्याची गरज उरलेली नाही, आणि विंडोजसाठीच्या क्विकटाइमचा सांभाळ ॲपलने २०१६ मध्येच सोडून दिला.

ॲपल म्युझिक हे नवे ॲप टाकले आणि आयट्यून्समधील गाणी दिसेनाशी झाली. हा बिघाड आहे का?

नाही. विंडोजवर ॲपल म्युझिक, ॲपल टीव्ही आणि ॲपल डिव्हाइसेस ही स्वतंत्र ॲप आल्यानंतर, ती टाकलेल्या संगणकावर आयट्यून्सकडे केवळ पॉडकास्ट आणि ऑडिओबुक उरतात. गाणी नव्या ॲपमध्ये शोधावीत.

मॅकवरील म्युझिक ॲपसाठी हेच उपाय चालतील का?

विचार तोच, कळा वेगळ्या. ऑप्शन कळ धरून म्युझिक उघडल्यास दुसरी लायब्ररी निवडता किंवा तयार करता येते. तेथे नोंद म्युझिक फोल्डरमधील ‘म्युझिक लायब्ररी’ या एकसंध पुडक्यात असते. ते उघडून आतील फाइली हलवू नयेत. संपूर्ण पुडकेच टाइम मशीन या मॅकच्या बॅकअप-सोयीतून जुन्या तारखेचे परत आणावे. म्युझिक हे ॲप मॅकओएसचाच भाग असल्यामुळे ते काढून पुन्हा टाकण्याचा प्रश्न तेथे येत नाही. नवी रिकामी लायब्ररीही कोसळत असेल तर मॅकओएसचे अपडेट करावे आणि मॅक एकदा सेफ मोडमध्ये सुरू करून तेथे म्युझिक चालते का ते पाहावे.